शेजारचा धूर

माझ्या काठावर एका बाजूला टवका उडालेला आहे. तो आधीच दाखवून ठेवतो, म्हणजे मधेच कुणी "अरेरे" म्हणून गोष्ट थांबवणार नाही. मी एक जुना काचेचा पेला आहे. पाण्याचा नव्हे, सरबताचा नव्हे आणि फुलदाणी तर मुळीच नव्हे. या शेवटच्या गैरसमजाने मला फार छळले आहे. पोट फुगीर, गळा आवळलेला आणि खाली आखूड पाय असा माझा घाट आहे. मी वास घेण्याचा पेला आहे, मित्रांनो. एका व्हिस्कीच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षे नोकरी केली.

तुमच्यातले जे लहान आहेत त्यांनी लगेच कान टवकारू नयेत. माझ्यात जे ओतले जाई ते मोठ्या माणसांचे पेय होते, आणि त्या मोठ्या माणसांनीही ते माझ्यातून प्यायचे नसे. आधी हुंगायचे, मग चमचाभर तोंडात धरायचे आणि थुंकून टाकायचे. एकोणीस वर्षांत आमच्या खोलीत मी एकही माणूस झिंगलेला पाहिला नाही. तेव्हा तुम्हीही नुसती गोष्ट ऐका.

माझा जन्म एका भट्टीसमोर झाला. काच फुंकणारा कारागीर लांब नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि गाल फुगवून फुंकायचा. त्या दिवशी त्याने आम्हा सहा भावंडांना जन्म दिला. माझ्या वेळी त्याला शिंक आली. ती त्याने दाबली, पण पुरती दाबता आली नाही, म्हणून माझे पोट एका अंगाला किंचित कलते आहे. मी बाद होणार असे धरूनच चाललो होतो. पण पेटीत सहा खाचा होत्या आणि एक रिकामी ठेवणे कारागिराच्या जिवावर आले असावे. त्याने मलाही गवतात गुंडाळले आणि झाकण लावले.

पेटी उघडली ती कारखान्यातल्या चाखणाऱ्या साहेबांनी. सगळे त्यांना नाकसाहेब म्हणत. पाठीमागे म्हणत तसे तोंडावरही म्हणत, आणि त्यांना ते आवडत असे. त्यांनी आम्हा सहाही जणांना कढत पाण्याने धुतले, पालथे घालून वाळवले आणि एकेकाच्या रिकाम्या पोटात नाक घातले. माझ्यापाशी ते जरा थांबले. "हा चांगला आहे. ह्याला स्वतःचा असा काही वासच नाही," ते म्हणाले. दुसऱ्या कुणाला हा अपमान वाटला असता. आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. त्या दिवसापासून मी त्यांचा खास पेला झालो आणि माझे कलते पोट मिरवू लागलो.

आमची खोली कारखान्याच्या मागच्या अंगाला होती. पांढऱ्या फरशीचे टेबल, एक मोठी खिडकी, पितळी नळ, आणि थुंकायला इनॅमलचे उंच भांडे. दारावर पाटी होती, 'अत्तर लावून आत येऊ नये.' तिच्याखाली कुणीतरी खडूने भर घातली होती, 'लसूण खाऊन तर नाहीच.' नाकसाहेबांनी ती भर कधी पुसली नाही.

आमच्याकडे सिंगल माल्ट व्हिस्की होत असे. सिंगल माल्ट म्हणजे एकाच कारखान्यात आणि फक्त मोड आणलेल्या जवापासून केलेली. जव भिजवायचे, मोड आणायचे आणि मग वाळवायचे. वाळवताना खाली दलदलीतून कापून आणलेल्या, कुजक्या मुळापानांच्या काळ्या मातीच्या विटा जाळायच्या. त्यांचा धूर दाण्यांत शिरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. पुढे दाणे दळा, आंबवा, तांब्याच्या हंड्यांतून त्यांचा अर्क काढा, तो लाकडी पिंपात दहा-बारा वर्षे कोंडून ठेवा, तरी धूर काही जात नाही.

काही कारखाने असा धूर करतात की पहिल्या घोटाला माणूस खोकत बाहेर पळतो, आणि काही शौकिनांना तेच हवे असते. आमच्या मालकीणबाईंचे म्हणणे वेगळे होते. ज्याने जन्मात धुराची व्हिस्की चाखली नाही त्यालाही आमची व्हिस्की आपली वाटली पाहिजे. ती अंगावर येता कामा नये, पण हिच्यात धूर नाही असेही कुणी म्हणता कामा नये. हे बोलायला सोपे आहे. पण प्रत्येक पिंपाचा स्वभाव निराळा असतो. त्यातली तीस जुळणारी पिंपे निवडून एका टाकीत एकत्र करायची, आणि त्या तिसांत एक जरी कुबट निघाले तर सगळी टाकी नासली. निवडणार कोण? नाकसाहेबांचे नाक.

सकाळी माझ्यात नमुना ओतला की ते मला दोनदा गोल फिरवत आणि वर काचेची छोटी खोलगट चकती झाकत. वास आत जमू देत. मग चकती काढून आधी लांबून, मग जवळून, तोंड किंचित उघडे ठेवून हुंगत. पुढे एक लहानसा घोट. तो ते जिभेवर फिरवत, थुंकत आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडत. "धूर जिभेला कळत नाही, जाताना नाकाला भेटतो," असे ते सांगत. शेवटी ड्रॉपरने दोन थेंब पाणी घालत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. त्या पाण्याने अर्क मोकळा व्हायचा. आधी नुसता धूर वाटत असे, त्यातून भाजलेल्या सफरचंदाचा वास येई, मग मधाचा, आणि अगदी मागे ओल्या दगडासारखे काहीतरी खारट.

धुराला त्यांनी तीन नावे ठेवली होती. पहिला 'डोळ्यातला', म्हणजे झोंबणारा. दुसरा 'कालचा', म्हणजे इथे काल कधीतरी काही जळले असावे एवढीच शंका. आणि तिसरा 'शेजारचा'. शेजारच्या घरी चूल पेटली आहे, कुणीतरी रांधते आहे आणि आपल्या खिडकीतून तो वास हलकेच आत येतो आहे. भूक लागते, पण डोळ्यांना पाणी येत नाही. नाकसाहेब "शेजारचा" म्हणाले की पिंप पास. फळ्यावर पिंपाच्या आकड्यापुढे बरोबरची खूण होई आणि सगळे निश्चिंत होत.

ही झाली तीन नावे. अशी त्यांच्यापाशी शंभर-सव्वाशे होती. 'नव्या चपलेचा', 'मास्तरांच्या खडूचा', 'पावाच्या कडेचा', 'उघड्या कपाटाचा'. एकही कुठे लिहिलेले नव्हते. कुणी लिहून काढायला सांगितले तर ते म्हणत, "लिहून काय होणार? वास समोर असताना नाव घ्यायचं, म्हणजे ते चिकटतं." असे ते कुणाकुणाला चिकटवून पाहत, पण बाकीच्यांची नाके आमच्या मानाने मठ्ठच होती.

बाराव्या वर्षी त्यांची लेक रसायनशास्त्र शिकून आमच्या खोलीत कामाला लागली. पहिल्याच आठवड्यात तिने एका नमुन्याला "पावसात राहिलेल्या लोकरीचा" म्हटले. नाकसाहेबांनी तिच्याकडे पाहिले, पुन्हा मला हुंगले आणि खिडकीपाशी जाऊन बराच वेळ उभे राहिले. त्यांना फार आनंद झाला की ते असेच पाठ करून उभे राहत. पुढची सहा-सात वर्षे त्या दोघांच्या श्वासांमध्ये मी रोज इकडून तिकडे जात होतो. त्यांनी नाव घ्यायचे, तिने हुंगायचे. पन्नासेक नावे तिला पक्की झाली होती. बाकीची यथावकाश होतील असे दोघांनाही वाटत होते. माझे ते दिवस सर्वांत सुखाचे होते, मित्रांनो. मला ते तेव्हा कळायला हवे होते.

मग एका थंडीत नाकसाहेबांना ताप आला. आठ दिवसांत तो गेला, पण जाताना नाक घेऊन गेला.

हे सर्वांत आधी मला कळले. इतकी वर्षे मी त्यांचा श्वास ओळखत होतो. वास सापडला की त्यांचा श्वास क्षणभर अडायचा, ओळखीचे माणूस दिसल्यावर पाऊल अडते तसा. त्या सकाळी श्वास माझ्यात आला आणि तसाच परत गेला. त्यांनी पुन्हा हुंगले. चकती झाकून थोडा वेळ थांबले आणि तिसऱ्यांदा हुंगले. मग दार लावून घेतले आणि खिशातून लसणाची पाकळी काढली. हो, लसणाची, आमच्या खोलीत! ती त्यांनी नखाने चिरली, नाकाला लावली आणि खाली बसले.

त्यांनी कुणाला सांगितले नाही. बायकोला नाही, लेकीलाही नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल किंवा येणार नाही. ते 'येईल' एवढेच धरून बसले. जुनी पिंपे त्यांना आकड्यांवरून तोंडपाठ होती, त्यामुळे काम रेटता आले. आणि तेव्हा डोक्यातले वास अजून शाबूत होते. खोलीत कुणी नसताना ते नमुन्याचा आकडा वाचून पुटपुटत, "हा उघड्या कपाटाचा. हा खडूचा." मी ऐकत असे आणि मला वाटे, अहो, हे मला कशाला सांगता? पलीकडच्या टेबलावर लेक बसते, तिला सांगा. पण माझे ऐकतो कोण!

दोन महिने असेच गेले. त्या सुमारास आमची धुणारी मावशी काम सोडून गेली आणि तिच्या जागी नवी आली. ही मावशी फार नीटनेटकी होती. तिच्या हाताखालून पायपुसणेसुद्धा इस्त्री केल्यासारखे निघे. पहिल्या दिवशी तिने मला लिंबाच्या वासाच्या साबणाने घासले, फडक्याने चकाकवले आणि कौतुकाने टेबलावर आणून ठेवले. मित्रांनो, आमच्याकडे साबण म्हणजे पाप. माझ्या अंगाला लिंबाचा असा दर्प सुटला होता की माझी मलाच लाज वाटली. आता नाकसाहेब ओरडणार म्हणून मी जीव मुठीत धरून उभा राहिलो.

त्यांनी नमुना ओतला, फिरवला, झाकला, उघडला, हुंगला. "शेजारचा," ते म्हणाले. "छान."

लेक पलीकडे लिहीत होती. तिने हात पुढे केला आणि मला घेतले. मला नाकापाशी आणायचीही गरज नव्हती. हातभर अंतरावरच तिचा चेहरा उतरला. तिने वडिलांकडे पाहिले. ते शांतपणे फळ्यावर बरोबरची खूण करत होते. ती मला घेऊन नळापाशी गेली, कढत पाण्याने मला चार वेळा धुतले आणि पाण्याच्या आवाजात थोडी रडली. मग मावशीला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मावशी, ह्या पेल्यांना साबण नको बरं का. नुसतं कढत पाणी."

"अगं बाई! साहेब रागावले का?"

"नाही. त्यांना नका सांगू."

दुसऱ्या दिवसापासून ती वडिलांच्या आधी तासभर येऊ लागली. सहाही पेल्यांत नमुने ओतायची, एकेक हुंगायची आणि चकत्या ठेवायची. ज्या पिंपात खोट नाही त्याची चकती पालथी, म्हणजे फुगीर बाजू वर करून. जे नको त्याची उताणी. पहिल्या दिवशी नाकसाहेब उताण्या चकतीकडे बराच वेळ पाहत राहिले. लेक पाठमोरी होती.

"बाबा, ती चकती मुद्दामच तशी ठेवलीय," ती म्हणाली. "पाहून घ्या."

"हं," ते म्हणाले.

एवढेच. त्या दोघांत या विषयावर झालेले बोलणे एवढेच. पुढचे पाच महिने रोज सकाळी लेक चकत्या मांडत होती आणि वडील त्या वाचत होते. हुंगण्याचा सगळा सोहळा ते पूर्वीसारखाच करत. माझ्यात श्वास येत होता आणि रिकामाच जात होता. पालथ्या चकतीला "शेजारचा", उताणीला "हे नको". पूर्वी नापास पिंपालाही नाव मिळायचे, आता नुसता नकार मिळे. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, नावांचा धडाच बंद झाला. तिने विचारावे तर त्यांना वास येत नाही हे तोंडाने बोलल्यासारखे होईल, म्हणून ती विचारेना. त्यांनी आपणहून सांगावे तर तेच होईल, म्हणून ते सांगेनात. दोघेही एकमेकांना जपत होती, आणि उरलेली सत्तर-पंचाहत्तर नावे त्यांच्या डोक्यात बसून होती. मला दोघांचाही राग येई. रागापेक्षा दया जास्त येई.

तापाला सात महिने होत आले तेव्हा वर्षाची निवड आली. चोवीस पिंपे ठरली होती, शेवटची सहा मालकीणबाईंसमोर ठरायची होती. लेकीने नेहमीप्रमाणे लवकर येऊन नमुने ओतले. माझ्या वाट्याला कुबट पिंप आले. ओल्या पोत्याचा तो वास मला सहन होत नव्हता. लेकीने माझी चकती उताणी ठेवली आणि मालकीणबाईंना बोलवायला गेली.

तेवढ्यात मावशी फडके घेऊन आली. तिने टेबल पुसले, पेले एका रेषेत लावले आणि माझ्याकडे पाहून जीभ चावली. "ही एक चकती बाई उलटी पडली," ती स्वतःशीच म्हणाली आणि ती पालथी करून, फडक्याने पुसून, समाधानाने निघून गेली.

मला ओरडता आले असते तर मी तडकलो असतो, मित्रांनो.

मालकीणबाई आल्या. नाकसाहेबांनी पहिले पाच पेले हुंगले. सगळ्यांच्या चकत्या पालथ्या. "शेजारचा. शेजारचा." मग माझ्याकडे आले. लेकीची नजर माझ्या चकतीवर गेली आणि तिचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला. त्यांनी चकती उचलली, लांबून हुंगले, जवळून हुंगले, घोट घेतला, थुंकले, नाकाने श्वास सोडला. "शेजारचा," ते म्हणाले. "सगळ्यांत मऊ हाच."

"मग घेऊ या टाकीत?" मालकीणबाईंनी विचारले.

नाकसाहेबांनी खडू उचलला. लेक गप्प राहिली असती तर तीस पिंपांची बारा वर्षे पाण्यात गेली असती. बोलली असती तर एका माणसाचे सगळे आयुष्य त्या फळ्यावरून पुसले गेले असते. मी तिच्याकडे पाहत होतो. तिने डोळे मिटले.

"थांबा," ती म्हणाली. "ह्याला पोत्याचा वास येतोय."

मालकीणबाईंनी मला उचलले आणि लगेच खाली ठेवले. तो वास कुणालाही आला असता. त्या नाकसाहेबांकडे पाहू लागल्या.

"माझी चूक असेल," लेक घाईघाईने म्हणाली. "बाबांनी हुंगला तो दुसरा... मी नमुना बदलून ओतला असेन मधे..."

"नमुना बरोबर आहे," नाकसाहेब म्हणाले. "माझं नाक गेलंय. सात महिने झाले." आणि लेकीकडे बोट करून म्हणाले, "हिला काही ठाऊक नव्हतं."

सात महिने ते स्वतःसाठी खोटे बोलत होते, हे एकच खोटे त्यांनी लेकीसाठी सांगितले. मग मला रिकामे करायला ते नळापाशी गेले. नळाकडे न पाहताच त्यांनी मला पुढे केले. माझा काठ पितळी नळावर आपटला आणि टवका उडाला.

मालकीणबाई भल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही की गाजावाजा केला नाही. निरोपाच्या दिवशी सगळे कामगार आले, चहा झाला, भाषणेही झाली. "नाकसाहेबांचं नाक" असे म्हणताना प्रत्येक वक्ता अडखळत होता. शेवटी मालकीणबाईंनी मला कागदात गुंडाळून त्यांच्या हाती दिले. त्यांची जागा लेकीला मिळाली. तिने ती घेतली, पण त्या दिवशी कुणी तिचे अभिनंदन केले की ती नुसती मान हलवत होती.

घरी मी खिडकीजवळच्या फळीवर आलो. नाकसाहेबांना जेवण गोड लागेना. सगळे सारखेच लागे, आंबट तेवढे आंबट आणि तिखट तेवढे तिखट. त्यांची बायको सुरुवातीला थट्टेवर नेई. "चला, भाजी करपली तरी आता बोलणी नाहीत," असे म्हणायची. मग एकदा ते शेगडीशेजारी वाचत बसले होते आणि दूध उतू जाऊन भांडे जळून काळे झाले, तरी त्यांनी मान वर केली नाही. त्या दिवसापासून तिने थट्टा सोडली, आणि त्यांना स्वयंपाकघरात एकटे बसू देणेही सोडले.

लेक पहिल्या काही आठवड्यांत छोटी बाटली घेऊन आली होती. तिने नमुना माझ्यात ओतला. "बाबा, धूर आहे आपल्यासारखाच, पण त्याच्या मागून गोड आणि जुनं असं काहीतरी येतंय. ह्याला तुम्ही काय म्हणायचात?"

"मला काय विचारतेस?" ते म्हणाले.

"मी वास सांगते ना. तुम्ही फक्त नाव सांगा."

"ने ते," ते म्हणाले, आणि मला बाजूला सारले. ती आणखी दोनदा आली आणि मग बाटल्या आणायची थांबली. मला वाटते, ते तिच्यावर रागावलेले नव्हते. तिला समोर पाहिले की त्यांना ती चकती आठवत असावी.

पुढचे दीड वर्ष माझे काही विचारू नका. माझ्यात बटणे पडली, सेफ्टी पिना पडल्या, गोळ्यांचे रिकामे पाकीट पडले. त्यांच्या बायकोने एकदा कसलीशी डहाळी आणून खोचली आणि म्हणाली, "दिसते की नाही छान फुलदाणी!" मी गिळून टाकले.

मग एके दिवशी नाकसाहेबांनी आपणहून लेकीला निरोप धाडला, बाटल्या घेऊन ये म्हणून. ती धावत आली. तिने मला कढत पाण्याने धुतले. बाटल्या आठ होत्या. ती हुंगून सांगत होती आणि ते डोळे मिटून ऐकत होते. "खडूचा," ते पहिल्याला म्हणाले. दुसऱ्यालाही "खडूचाच असेल" म्हणाले. तिसऱ्याला त्यांचे ओठ नुसतेच हलले. आठ झाल्या तेव्हा नावे निघाली होती तीन, आणि ती तिन्ही लेकीला आधीच येत होती. वासच येत नाही म्हटल्यावर नावे कशाला धरून राहतील? एकेक करून निघून गेली होती. "उशीर केला मी," ते म्हणाले. लेक म्हणाली, "आपण दोघांनी." मग तिने बाटल्या पिशवीत भरल्या.

त्यानंतर वर्षाभराने लेकीला मुलगी झाली. तीन आठवड्यांची झाल्यावर लेक तिला घेऊन आली. आजीचे हात पिठाचे होते, म्हणून बाळ आधी आजोबांकडे गेले. ते खिडकीजवळ, माझ्या शेजारीच बसले. बाळ झोपलेले होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिले, खाली वाकून त्याच्या टाळूला नाक लावले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले.

"कसा येतोय गं?" त्यांनी विचारले.

लेकीने वाकून हुंगले. शेकडो पिंपांना नाव देणारी ती. "छान येतोय, बाबा," ती कशीबशी म्हणाली.

"छान हा काय वास झाला? नीट सांग."

तेव्हा ती जमिनीवर त्यांच्या पायांशी बसली आणि सांगू लागली. कोमट दूध म्हणाली. उन्हात वाळलेले दुपटे म्हणाली. कणकेच्या गोळ्यासारखे काहीतरी, आणि खाली थोडा घाम, पण गोड घाम. ती बराच वेळ सांगत होती. तिने एवढी मेहनत कुठल्याही पिंपावर घेतली नसेल. ते डोळे मिटून प्रत्येक शब्द ऐकत होते. मग त्यांनी मान हलवली.

"नाही येत गं," ते म्हणाले. "तू एवढीशी होतीस तेव्हा कामावरून आलो की आधी तुझं डोकं हुंगायचो. तुझ्या डोक्याला कसला वास यायचा, तो आठवायला बसतो रोज. परवापरवापर्यंत आठवत होता. आता तोही नाही."

लेकीने त्यांच्या गुडघ्यावर डोके टेकले. ते एका हाताने बाळाला धरून होते आणि दुसरा हात तिच्या केसांवरून फिरवत होते. स्वयंपाकघरातून आजी विचारत होती, बाळ उठलं का.

मित्रांनो, मी जुना झालो आहे, आणि जुन्यांनी चार गोष्टी सांगायच्या असतात म्हणून सांगतो. काचेच्या वस्तू जपून हाताळा, कढत पाण्याने धुवा, हे तर खरेच. पण माझे सोडा. मी फुटलो तर कारागीर दुसरा फुंकेल. तुमच्या घरातल्या कुणाला कमी ऐकू येत असेल, कमी दिसत असेल, एखादे नाव आठवत नसेल, आणि ते माणूस ते लपवत असेल, तर तुम्ही त्याला लपवायला मदत करू नका. त्याच्यापाशी जाऊन बसा. विचारा. पहिले दोन दिवस ते चिडेल, रडेल, तुम्हाला वाटेल ते बोलेल. बोलू द्या. त्याच्यापाशी जे अजून शिल्लक आहे ते त्याच दिवसांत मागून घेता येते, नंतर नाही. ती दोघे माझ्यासमोर महिनोन्महिने गप्प राहिली, आणि मी मधे उभा होतो. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. तुम्हाला येते.